सूर शिकवणारी माणसे – भाग 6 : वृंदगानाचा मास्तर

माळेगावच्या यात्रेत ज्याने रात्रभर जागरण ऐकले, त्याला झील म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. वाघ्या ओळ टाकतो, मागचे ती उचलतात. शाहिरामागे झीलकरी, कव्वालामागे हमनवा, कीर्तनकारामागे टाळकरी. आपल्या कंधार-लोह्याकडे गाणे बहुतेक वेळा चारचौघांचेच असते. पण अनेकांना मिळून गायला शिकवणे हे एखाद्याचे आयुष्यभराचे काम असू शकते, त्यासाठी विद्यापीठात माणूस नेमतात, हे आपल्या पालकांच्या गावीही नसते. आजचा भाग या माणसाबद्दल.

झील आणि वृंदगान यांत एक फरक आहे. झीलकरी मुख्य गायकाला आधार देतो. वृंदात मुख्य गायकच नसतो, म्हणून कोणाचा आवाज वेगळा ओळखू आला की गाणे फसले. युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांत स्त्रियांचे दोन आणि पुरुषांचे दोन असे आवाजांचे चार थर बसवतात आणि प्रत्येक थराला वेगळी सुरावट देतात. आपले संगीत एका सुरावटीवर चालते, त्यामुळे आपल्या मास्तरापुढची पहिली अडचण निराळीच असते, ती म्हणजे पट्टी.

युवक महोत्सवातल्या समूहगानाचे उदाहरण घेऊ. गाणारे सहा, साथीला तिघे आणि वेळ दहा मिनिटे. सहांत तीन मुली आणि तीन मुले असतील, तर मुलींचा षड्ज साधारण काळी चार-पाचला आणि मुलांचा काळी एक-दोनला. काळी एक धरली तर मुलींचे गळे मंद्रात बुडतात. काळी चार धरली तर मुलांना एक तर खाली घोगरे गावे लागते, नाहीतर वर गळा ताणावा लागतो. जाणता मास्तर पेटीपुढे बसून आधी चालीचा आवाका पाहतो. मुखडा सगळ्यांना झेपेल अशा मधल्या पट्टीत ठेवतो, उंच जाणारा अंतरा मुलींकडे देतो आणि तेवढा वेळ मुलांना खालचा षड्ज धरून ठेवायला सांगतो. मग येतो श्वास. सगळ्यांनी एकाच जागी श्वास घेतला की ओळ तुटते. म्हणून कोणी कुठे घ्यायचा हे आधीच वाटून द्यावे लागते. शब्दाच्या शेवटचा ‘स’ सहा तोंडांतून सहा वेळा ऐकू आला, तर परीक्षकाला पुढचे ऐकायचीही गरज उरत नाही. हे काम कानाचे आणि चिकाटीचे आहे, आणि त्याला महिने लागतात.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे वर्गात, अनेकांना एकत्र शिकवण्याची वाट पाडली. वसंत देसाईंनी सिनेमाचे संगीत सांभाळून हजारो शाळकरी मुलांना एका सुरात गायला लावले. मुंबईत 1956 साली व्हिक्टर परंज्योतींनी स्थापन केलेला वृंद पुढे कूमी वाडिया यांनी अनेक दशके चालवला. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

विद्यापीठाच्या चौकटीत मात्र मला सर्वांत मोठे वाटतात ते डॉ. अशोक दा. रानडे. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते पहिले संचालक, 1968 ते 1983. गजाननराव जोशी आणि बी. आर. देवधर हे त्यांचे गुरू. देवधरांकडून त्यांनी आवाजाच्या जोपासनेचे शास्त्र घेतले आणि ते गायकांपुरते न ठेवता नटांपर्यंत आणि वक्त्यांपर्यंत नेले. ‘देवगाणी’, ‘बैठकीची लावणी’ हे त्यांचे कार्यक्रम म्हणजे सप्रयोग व्याख्यानेच होती. लोकसंगीताला त्यांनी शास्त्र म्हणून अभ्यासाच्या टेबलावर आणले. ज्या झिलेने आपण सुरुवात केली, ती विद्यापीठात शिकवण्याजोगी आहे असे ठामपणे मांडणाऱ्यांत ते अग्रभागी होते. हे ऋण मराठवाड्याने तरी विसरू नये.

आपल्या मुलखाचे नाव घ्यायचे तर पंडित नाथराव नेरळकर. नांदेडला अण्णासाहेब गुंजकरांकडे ते शिकले आणि पुढे तेव्हाच्या औरंगाबादेत सरस्वती भुवन महाविद्यालयात त्यांनी विद्यार्थी घडवले. 2014 चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. 28 मार्च 2021 रोजी ते गेले. मैफलीचा गायक आणि महाविद्यालयातला शिक्षक या दोन्ही भूमिका एका माणसाला पेलतात, हे त्यांनी दाखवून दिले.

आता वाटेविषयी. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद, अलंकार या परीक्षा पाया घालतात, पण महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीला 55 टक्के गुण आणि नेट किंवा सेट लागते. नामवंत गुरूंकडे तालीम घेतलेल्या, आकाशवाणीची वरची श्रेणी असलेल्या पदवीधर कलावंतालाही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत जागा आहे. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पूर्णवेळ जागा थोड्या आहेत, अनेकांची वर्षे तासिका तत्त्वावर जातात, आणि हे मुलांपासून लपवणे मला योग्य वाटत नाही. पण संगीत विशेष विषय नसलेल्या महाविद्यालयातही सांस्कृतिक विभाग असतोच, आणि त्याला समूहगान बसवणारा माणूस दर वर्षी हवा असतो. या कामाचा अनुभव तिथेच मिळतो.

कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर इथल्या प्राचार्यांना माझी हात जोडून विनंती आहे. महोत्सवाची तारीख लागल्यावर पंधरा दिवसांसाठी पेटीवाला शोधू नका. जुलैतच आवाज तपासा, आठवड्याचे दोन तास राखून ठेवा आणि शिकवणाऱ्याला त्याचे मानधन वेळेवर द्या. गावातल्या भजनी मंडळातला एखादा जुना टाळकरीही त्या तासाला बोलवा. श्वास कुठे घ्यायचा हे तो मुलांना करून दाखवेल.