वर्ग, कंपनी, पुन्हा वर्ग

हैदराबादेत बरकतपुऱ्याला लागूनच नारायणगुडा. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर या हैदराबाद संस्थानातल्या नामवंत मराठी गृहस्थांच्या स्मरणार्थ १९४० साली तिथं केशव मेमोरियल शिक्षणसंस्था उभी राहिली आणि २००७ मध्ये तिनं अभियांत्रिकी महाविद्यालयही काढलं. पलीकडे उस्मानिया विद्यापीठाचं अभियांत्रिकी महाविद्यालय, १९२९ पासूनचं. कॉम्प्युटर शिकायला इथल्या मराठी घरातल्या पोरांना लांब जायला नको. काम मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, १९९८ साली सायबर टॉवर्सनं सुरुवात झालेल्या हायटेक सिटीत. नारायणगुड्याला मेट्रोत बसायचं, परेड ग्राउंडला गाडी बदलायची. मेट्रोनं हे अंतर कमी केलं, अभ्यासक्रमानं अजून म्हणावं तेवढं नाही.

हे अंतर कमी करू पाहणारी, शिकता शिकता आलटूनपालटून पगारी काम करायची पद्धत १९०६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी सुरू केली, २७ विद्यार्थी घेऊन. तिलाच पुढे 'को-ऑप' म्हणू लागले. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या अभियांत्रिकीचा तर १९५७ पासून सगळा डोलाराच तिच्यावर उभा आहे. तिथं कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची चार-चार महिन्यांची आठ सत्रं वर्गात जातात आणि सहापर्यंत सत्रं कामावर. पुण्याकडच्या वाचकांना यावरून 'प्रॉडक्शन सँडविच' हा प्रॉडक्शन इंजिनिअरिंगचा, मधेमधे कामावर पाठवणारा अभ्यासक्रम आठवेल. जात तीच.

या पद्धतीचा खरा फायदा कामावर जाण्यापेक्षा परत येण्यात आहे. तिकीट आरक्षणाचा प्रोग्राम घ्या. कॉलेजच्या लॅबमध्ये तो वापरणारा एकटाच असतो. एकदा नीट चालला की जर्नलवर सही होते. कंपनीत शेवटच्या एका सीटवर दोघं एकाच क्षणी बोट ठेवतात आणि दोघांनाही तिकीट मिळतं. कोड तपासणारा सीनिअर एका ओळीचा शेरा मारून तो परत पाठवतो: 'लॉक कुठंय?' म्हणजे एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारी कडी. असा शेरा खाल्लेला पोरगा पुढच्या सत्रात ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला बसला, की एरवी जांभया आणणारं लॉकचं प्रकरण कान टवकारून ऐकतो.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मोठी इंटर्नशिप येते ती आठव्या सत्रात. पोरं जानेवारीत कंपनीत जातात, वर्गात परतत नाहीत. तिला लांबलेली मुलाखत म्हटलं तरी चालेल. प्रवेशाच्या वेळी पालक 'पॅकेज किती' हे हमखास विचारतात. 'कितव्या सत्रात पाठवता' हे क्वचितच.

भारतात को-ऑपच्या सगळ्यात जवळ जाते ती बिट्स पिलानीची 'प्रॅक्टिस स्कूल', १९७३ पासूनची. हैदराबादेत शामीरपेटजवळ बिट्सचा कॅम्पस २००८ साली आला. प्रॅक्टिस स्कूलचे टप्पे दोन: दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात दोन महिने, शेवटच्या वर्षात साडेपाच महिने. दुसऱ्या टप्प्याला २० युनिट (क्रेडिट), म्हणजे तोंडी लावण्यापुरता प्रकार नव्हे. शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सत्रात ज्यांचा नंबर लागतो, त्यांना परत येऊन शिकण्याची संधी उरते.

पदवी झाल्यावर वर्षभराची सरकारी अ‍ॅप्रेंटिसशिपही आहे. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्यात पदवीधर अभियंते १९७३ च्या दुरुस्तीनं आले. त्यात मिळतं ते विद्यावेतन. भविष्यनिर्वाह निधीचं कार्यालय भले बरकतपुऱ्यातच असो, पीएफच्या कायद्यानं असा शिकाऊ उमेदवार 'कर्मचारी' ठरत नाही. त्याचा पीएफ कापला जात नाही.