'न्यूज'मध्ये दिशा नाहीत

दरवर्षी 6 जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो. 1832 साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले. गावोगावी सभा होतात, सत्कार होतात आणि व्यासपीठावरून कोणीतरी हमखास सांगते, की 'न्यूज' या शब्दात चार दिशा दडल्या आहेत: नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. चहूकडून येते ती न्यूज! टाळ्या पडतात. समोरचे विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात आणि काही वर्षांनी त्यांच्यापैकीच एखादा दुसऱ्या सभेत तेच सांगत असतो. स्पर्धा परीक्षांच्या सामान्यज्ञानातही हे वाक्य जाऊन बसले आहे. ऐकायला छान आहे, पण ते खरे नाही.

खरी व्युत्पत्ती शब्दावरच लिहिलेली आहे. 'न्यू' म्हणजे नवा. 'मोठ्यांनी सांगितले', 'लहानांनी ऐकले' असे म्हणताना मराठी माणूस विशेषणालाच नाम करतो आणि त्याला अनेकवचन लावतो. इंग्रजीने 'न्यू'चे तेच केले. न्यूज म्हणजे 'नव्या गोष्टी'. चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रयोग लिखाणात दिसू लागतो. त्यामागे फ्रेंच वळण होते. फ्रेंचमध्ये बातम्यांना आजही 'नूव्हेल' म्हणतात. त्याचाही अर्थ 'नव्या'. मध्ययुगीन लॅटिनमध्ये हेच काम 'नोव्हा' हा शब्द करी. 'ताजी खबर' हा अर्थ पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला पक्का झाला. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात हा सगळा प्रवास जुन्या अवतरणांसह दिलेला आहे. तिथे चार दिशांना थारा नाही.

तरीही शंका असेल, तर जुने स्पेलिंग पाहावे. सुरुवातीच्या हस्तलिखितांत हा शब्द बहुधा 'एन-ई-डब्ल्यू-ई-एस' असा लिहिलेला सापडतो, कुठे दुसऱ्या 'ई'च्या जागी 'आय' किंवा 'वाय' असतो. उच्चारही तेव्हा दोन अक्षरी होता, जवळपास 'निव-एस'. पुढे मधला स्वर गळाला आणि आजचा एका अक्षराचा 'न्यूज' उरला. म्हणजे शब्द घडला तेव्हा त्यात पाच वर्ण होते आणि पाच वर्णांत चार दिशा बसत नाहीत.

दिशांचा क्रमही जमत नाही. इंग्रजीत दिशा मोजतात त्या नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट अशा. होकायंत्राभोवती घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरले तर नॉर्थ, ईस्ट, साउथ, वेस्ट. नॉर्थनंतर ईस्ट, मग उलटी उडी मारून वेस्ट आणि शेवटी साउथ, हा क्रम कोणीच वापरत नाही. आधी शब्द होता, त्याच्या वर्णांना दिशा मागाहून चिकटवल्या, हे यावरूनच दिसते.

शेवटचा 'ज' हाही एक धागा आहे. 'जीवन'मधला नव्हे, 'जरा'मधला. 'बॉईज', 'डेज' या अनेकवचनांत 'एस'चा उच्चार असाच होतो. साउथच्या 'स'शी त्याचे नाते नाही. एकट्या या पुराव्यावर कोणी निवाडा करू नये, पण बाकीच्या पुराव्यांशी तो जुळतो. अनेकवचनाची ही आठवण इंग्रजांनाही बराच काळ होती. शेक्सपिअरच्या नाटकांत न्यूज कुठे एकवचनी येतो, कुठे अनेकवचनी. आजचा 'न्यूज इज' हा एकवचनी प्रयोग सर्वमान्य व्हायला पुढे काही शतके गेली.

मग दिशा आल्या कुठून? 1640 साली लंडनमध्ये छापलेल्या 'विट्स रिक्रिएशन्स' या विनोदी संग्रहात याच चार दिशांवर कोटी करणारे एक चुटकुलेवजा पद्य आहे. तेव्हा वाचकाला ती कोटी म्हणूनच कळत होती. पुनरुक्तीने तिची 'माहिती' झाली.

मुळात आद्याक्षरे जोडून उच्चारण्याजोगा शब्द घडवण्याची सवय फार अलीकडची. रडार, लेझर हे शब्द विसाव्या शतकातले आणि अशा शब्दांना इंग्रजीत असलेले 'ॲक्रोनिम' हे नाव रूढ झाले तेही 1940च्या दशकात. त्याआधी अशी उदाहरणे तुरळक आहेत. म्हणून एखाद्या जुन्या इंग्रजी शब्दाचा कोणी 'फुल फॉर्म' सांगू लागला, की ऐकणाऱ्याने सावध व्हावे.

मुंबईशी जोडलेला 'पॉश' घ्या. इंग्लंड-मुंबई बोटीच्या प्रवासात श्रीमंतांना जाताना डावीकडच्या आणि येताना उजवीकडच्या सावलीतल्या खोल्या मिळत, त्यांच्या तिकिटांवरच्या 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या शिक्क्यावरून हा शब्द आला म्हणतात. असा शिक्का असलेले एकही तिकीट सापडलेले नाही. 'गोल्फ'च्या आद्याक्षरांचा अर्थ 'फक्त पुरुषांसाठी' असा सांगतात, हेही खोटे. स्कॉटलंडच्या संसदेने 1457 साली या खेळावर बंदी घातली, तेव्हापासून नाव नोंदलेले आहे. 'टिप'चाही 'फुल फॉर्म' सांगतात, पण हा शब्द चोरांच्या बोलीतून, 'दे' या अर्थाने आला. 'एसओएस'चा 'सेव्ह अवर सोल्स' हा विस्तार नंतरचा. तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे ही खूण ओळखायला सोपी, म्हणून ती निवडली गेली.

चार दिशांच्या गोष्टीचा खरा तोटा हा, की तिच्यामागे एक सुंदर नाते झाकले जाते. इंग्रजी 'न्यू', लॅटिन 'नोव्हुस', ग्रीक 'नेओस' आणि संस्कृत 'नव' ही एकाच घरातली भावंडे. मुंबईतले पारशी 21 मार्चला जमशेदी नवरोज साजरा करतात, त्यातला 'नव'ही तोच. इंग्रजी 'नॉव्हेल' याच कुळातला. गुजरातीने त्यासाठी 'नवलकथा' हा शब्द घेतला आणि मराठीने बाणभट्टाच्या नायिकेवरून 'कादंबरी'. 'वृत्त' आणि 'वर्तमान' हे आपले शब्द मात्र 'वृत्' म्हणजे घडणे, असणे या धातूपासून आले. त्यांचे लक्ष घटनेच्या नवेपणाकडे नाही, घडण्याकडे आहे. पण छापील मजकूर बाजूला ठेवून बोलीत शिरले, की मराठीही इंग्रजीच्याच वाटेने जाते. गावाहून आलेल्या पाहुण्याला पाणी देऊन झाले की घरातले म्हातारे माणूस विचारते, "मग, काय नवीन?"