फोर बाय फोर वाहनांचे बिघाड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या काठाने वाढलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांना पुराचे पाणी नवे नाही. २६ जुलै २००५चा महापूर येथे विसरला गेलेला नाही आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेसही लोकांच्या आठवणीत आहे. शहरांत सिमेंटचे रस्ते आणि बारवी, कोंडेश्वर किंवा मलंगगडाच्या बाजूला पावसाळी चिखल अशी दुहेरी परिस्थिती असल्यामुळे चारही चाकांना इंजिनची शक्ती पोहोचवणारे फोर बाय फोर वाहन येथे अनेकांना हवेसे वाटते. परंतु अशा वाहनांचे पुष्कळसे महागडे बिघाड यंत्रणेविषयीच्या चुकीच्या समजुतींतून उद्भवतात आणि म्हणूनच ते टाळता येण्याजोगे असतात.

गैरसमज १ : उंच आणि दणकट दिसणारी प्रत्येक एसयूव्ही फोर बाय फोर असते.

वस्तुस्थिती : बाह्य रूपावरून हे ठरत नाही. नाशिक येथे तयार होणाऱ्या महिंद्र थारची केवळ मागील चाकांना शक्ती देणारी आवृत्ती जानेवारी २०२३मध्ये बाजारात आली, तर पुण्याजवळील रांजणगाव येथे तयार होणारी जीप कंपास पुढील चाकांवर चालणाऱ्या आणि चारही चाकांवर चालणाऱ्या अशा दोन्ही रूपांत विकली गेली आहे. चारही चाकांच्या यंत्रणेतही दोन मुख्य प्रकार आहेत. थार, जिप्सी किंवा जिम्नी यांसारख्या वाहनांत चालक लिव्हरने, तर काही वाहनांत बटणाने, पुढील चाके जोडतो. कंपाससारख्या वाहनात हे काम संगणकनियंत्रित क्लच आपोआप करतो. पहिल्या प्रकाराला लागू असलेले अनेक नियम दुसऱ्याला लागू नसल्यामुळे, आपले वाहन कोणत्या प्रकारचे आहे हे मालकाने आधी जाणून घेणे आवश्यक ठरते.

गैरसमज २ : पावसाळ्यात शहरातील रस्त्यावरही फोर बाय फोर लावून ठेवणे सुरक्षित असते आणि नंतर लिव्हर अडकला, तर गिअरबॉक्स गेला असे समजावे.

वस्तुस्थिती : वळण घेताना पुढील चाके मागील चाकांपेक्षा मोठ्या त्रिज्येचा मार्ग कापतात, म्हणून त्यांना अधिक फेरे घ्यावे लागतात. लिव्हरच्या यंत्रणेत ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेली शक्ती पुढे व मागे वाटणारी पेटी, पुढील व मागील चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दोन्ही प्रोपेलर शाफ्टना एकाच वेगाने फिरण्यास बांधून टाकते. चिखलात किंवा सैल मातीवर चाके किंचित घसरतात आणि हा फरक भरून निघतो. पक्क्या रस्त्यावर मात्र चाकांना घसरण्यास पुरेसा वाव मिळत नाही आणि तो फरक शाफ्ट, क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारे सांधे, व गिअरचे दात यांच्यात पीळ बनून साठत जातो. स्टीअरिंग जड होणे, वळताना वाहन अडखळणे आणि लिव्हर टू-हायवर, म्हणजे दोनच चाकांना शक्ती देणाऱ्या स्थितीत, परत न येणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी लिव्हरवर जोर न लावता वाहन सरळ रेषेत काही मीटर मागे घेतल्यास पीळ बहुधा उतरतो आणि लिव्हर सहज सुटतो. शिवाय फोर बाय फोरमुळे वेग घेताना पकड वाढत असली, तरी ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर कमी होत नाही. ते टायर, ब्रेक आणि रस्ता यांवरच अवलंबून असते.

गैरसमज ३ : झिजलेले दोनच टायर बदलले तरी काही फरक पडत नाही.

वस्तुस्थिती : २५५/६५ आर १८ मापाच्या नव्या टायरचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर असतो आणि तो एका किलोमीटरला सुमारे ४०४ फेरे घेतो. नक्षी सहा मिलिमीटर झिजल्यास व्यास बारा मिलिमीटरने घटतो आणि त्याच अंतराला सुमारे सहा फेरे अधिक लागतात. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील, तर फोर बाय फोर लावलेले असताना सरळ रस्त्यावरही वर सांगितलेला पीळ साठू लागतो. म्हणून चारही टायर एकाच मापाचे व शक्यतो सारख्याच झिजेचे असावेत, आणि त्यासाठी टायरांची जागा नियमितपणे आलटून पालटून बदलावी.

गैरसमज ४ : फोर बाय फोर पुराच्या पाण्यातून जाऊ शकते आणि मध्येच बंद पडल्यास पुन्हा स्टार्टर मारावा.

वस्तुस्थिती : २०२०मध्ये आलेल्या थारसाठी कंपनीने पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर दिली आहे, परंतु असा आकडा वाहत्या पुरासाठी नसतो, कारण सुमारे ६० सेंटिमीटर खोलीचे वाहते पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते. इंजिनच्या हवेच्या मार्गातून पाणी सिलिंडरमध्ये शिरल्यास धोका आणखी वाढतो. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे वर येणारा पिस्टन अडतो आणि त्याला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेल्या इंजिनला पुन्हा स्टार्टर दिल्यास दुरुस्त होण्याजोगे इंजिनही निकामी होऊ शकते. वाहन ओढून बाहेर काढावे, बॅटरी सोडवावी आणि एअर फिल्टर ओला आहे का हे आधी पाहावे. अशा नुकसानीची भरपाई साध्या सर्वंकष विम्यात सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे पुरवणी कलम घ्यावे लागते.

गैरसमज ५ : पाण्यातून आल्यावर इंजिन सुरळीत चालले, म्हणजे काहीच बिघडले नाही.

वस्तुस्थिती : खरे नुकसान अनेकदा अ‍ॅक्सलमध्ये होते आणि ते काही महिन्यांनी उघड होते. प्रवासात तापलेले डिफरन्शिअल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी, थंड पाण्यात बुडाले की आतील हवा आकुंचन पावते. ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची छोटी नळी, चिखलाने तुंबलेला असेल किंवा स्वतःच पाण्याखाली असेल, तर ब्रीदरमधून वा ऑइल सीलच्या, म्हणजे तेल आत रोखणाऱ्या कड्याच्या, कडेने पाणी आत ओढले जाते. पाणी मिसळलेले तेल दुधी दिसते, वंगण देत नाही, आणि बेअरिंग व क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शिअलमधील मुख्य गिअरजोडी, गंजू लागतात. खोल पाण्यातून जावे लागल्यास दोन्ही डिफरन्शिअल, ट्रान्सफर केस व गिअरबॉक्स यांचे तेल तपासणे आणि दुधी आढळल्यास विलंब न लावता बदलणे हाच स्वस्त उपाय आहे. तेल भरताना वाहनाच्या पुस्तिकेतील वर्गवारी पाळावी, कारण डिफरन्शिअलसाठीच्या काही जीएल-५ तेलांतील गंधकयुक्त रसायने गिअरबॉक्समधील पितळी भागांना अपायकारक ठरू शकतात.

गैरसमज ६ : फोर बाय फोर वापरलेच नाही, तर त्याची झीज होत नाही.

वस्तुस्थिती : न वापरल्यास लिव्हरचे सांधे गंजतात, फिरत नसलेल्या भागांवरील तेलाचा थर ओघळून जातो आणि पुढील चाके जोडणारे हब अडकतात. निर्वात दाबावर चालणाऱ्या हबच्या रबरी नळ्यांना पडलेल्या चिरा तर गरज भासेपर्यंत लक्षातही येत नाहीत. महिन्यातून एकदा कच्च्या किंवा चिखलाच्या रस्त्यावर काही किलोमीटर यंत्रणा चालवणे हितकारक असते.

गैरसमज ७ : खालून येणारा कोणताही आवाज म्हणजे मोठा खर्च.

वस्तुस्थिती : आवाज केव्हा येतो यावरून दोषाची जागा बरीचशी ओळखता येते. पूर्ण वळणावर येणारी कटकट बहुधा पुढील सीव्ही जॉइंटची, म्हणजे चाक वळत असतानाही त्याला अखंड शक्ती देणाऱ्या सांध्याची असते. क्लच सोडताच येणारा ‘ठक’ आवाज झिजलेल्या क्रॉसचा असू शकतो, आणि वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची किंवा डिफरन्शिअलची असते. सांध्यावरील रबरी आवरण फाटताच बदलल्यास पुढचा खर्च टळतो; ते तसेच राहिल्यास ग्रीस बाहेर पडते, चिखल आत जातो आणि अखेरीस संपूर्ण सांधाच बदलावा लागतो.

या परिसरातील वाहनमालकांनी मे महिन्याच्या अखेरीस ब्रीदर, ऑइल सील, रबरी आवरणे व हब तपासून घ्यावेत, पाण्यातून गेल्यावर तेल पाहावे आणि पक्क्या रस्त्यावर लिव्हर टू-हायवरच ठेवावा. गिअरबॉक्स उघडण्यास संमती देण्यापूर्वी तेलाचा रंग, टायरांची झीज आणि लिव्हरची स्थिती या तीन गोष्टी स्वतः पाहण्याचा आग्रह प्रत्येक मालकाने धरावा.