विश्लेषण : वाकताच खिशातली बॅटरी का पडते? छोट्या टॉर्चच्या क्लिपमागचे गणित काय?

रात्री मोटार चालू करायला निघालेल्या शेतकऱ्याच्या एका हातात काठी असते, दुसऱ्या हातात बॅटरी. स्टार्टरची पेटी उघडायला तिसरा हात लागतो. मग बॅटरी दातांत धरली जाते, मान वाकडी करून खांद्यात दाबली जाते किंवा सदऱ्याच्या खिशाला अडकवली जाते. खिशाला अडकवण्यासाठीच तिच्यावर ती दीड-दोन इंचांची पत्र्याची क्लिप असते. तरीही फूटव्हॉल्व्ह पाहायला विहिरीच्या काठावरून वाकले की बॅटरी खिशातून निसटून थेट पाण्यात जाते. ‘माल हलका होता’ म्हणून हा विषय तिथेच संपतो. वास्तविक बॅटरीत बिघाड नसतो, दिवा उत्तम असतो; चूक असते ती क्लिपच्या आरेखनात. आणि ही चूक मोजता येते, सुधारताही येते.

राळेगणसिद्धीचा संबंध काय?

राज्यात शेतीपंपांना थ्री-फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळत आली आहे : दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास. रात्रीची पाळी आली की दारे धरायला अंधारातच जावे लागते. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्य सरकारने २०१७मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, तेव्हा प्रायोगिक प्रकल्पासाठी निवडलेल्या दोन गावांपैकी एक होते पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी आणि दुसरे यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी. पाणलोटाच्या कामासाठी अण्णा हजारे यांचे हे गाव देशभर ओळखले जाते. रस्त्यावरच्या सौरदिव्यांचा प्रयोगही इथे फार आधी झाला. २०२३मध्ये ही योजना ‘२.०’ या नावाने राज्यभर विस्तारण्यात आली.

कृषी वाहिनी सौरऊर्जेवर आली की रात्रीच्या सिंचनाची सक्ती कमी होते. पण शेतातला अंधार तेवढ्याने संपत नाही. पाटपाण्याची पाळी मध्यरात्रीही येते, पहाटेची धार उजाडायची वाट पाहत नाही आणि बिबट्याचा वावर असलेल्या भागात गोठ्याकडे रात्री एक फेरी मारावीच लागते. शिवाय मण्यार रात्रीच बाहेर पडते, घोणसही अंधारात सक्रिय असते. पायाखालचे दिसणे ही इथे सोय नाही, गरज आहे. दोन्ही हात मोकळे ठेवून ते दिसायला हवे असेल, तर सगळा भार त्या क्लिपवर येतो.

क्लिप म्हणजे नेमके काय?

क्लिप ही एक पट्टीची स्प्रिंग आहे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात ‘कॅन्टिलिव्हर’ शिकवतात, तीच : एक टोक घट्ट बसवलेले, दुसरे मोकळे. भिंतीतून बाहेर आलेल्या सज्जासारखी. कापड आत सरकले की मोकळे टोक वर उचलले जाते, पट्टी परत खाली यायला बघते आणि त्या ओढीतून पकड तयार होते.

ही पकड कशावर ठरते, हे सूत्र फार स्पष्ट सांगते. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर पकड दुप्पट होते. जाडी दुप्पट केली तर मात्र पकड आठपट. लांबी दुप्पट केली की पकड आठव्या हिश्श्यावर येते. म्हणजे ०.८ मिलिमीटरऐवजी १ मिलिमीटर पत्रा वापरला, तर डोळ्यांना फरकही कळत नाही, पण पकड जवळपास दुप्पट होते. मग सगळेच जाड पत्रा का वापरत नाहीत? कारण क्लिप इतकी ताठ होते की एका हाताने खिशाला लावता येत नाही, कापडही फाटते. आणि जाडीबरोबर पत्र्याच्या आतला ताणही वाढतो. खरी गोम या ताणात आहे.

एक उदाहरण घेऊ. पोलादी पट्टी ४० मिलिमीटर लांब, ६ मिलिमीटर रुंद, ०.८ मिलिमीटर जाड. सदऱ्याच्या खिशाची दुमडलेली कड साधारण १ मिलिमीटर भरते असे धरू. टोक १ मिलिमीटर उचलले गेल्यावर ही पट्टी सुमारे २.३ न्यूटनने, म्हणजे पाव किलोच्या आसपासच्या वजनाने, कापड दाबते. बुडाशी पत्र्यात ताण येतो सुमारे १४० मेगापास्कल. भांड्यांसाठी वापरतात ते नरम ३०४ जातीचे स्टेनलेस स्टील साधारण २०५ मेगापास्कलपर्यंतचा ताण सोसून पुन्हा मूळ आकारात येते. इथवर सगळे ठीक.

आता थंडी येते. रब्बीची पाणीपाळी ऐन थंडीतच असते, तेव्हा तीच बॅटरी स्वेटरला किंवा जाड जाकिटाला लावली जाते. कापडाची जाडी ३ मिलिमीटर. हिशेबाने ताण ४२५ मेगापास्कलच्या पुढे जातो, म्हणजे नरम स्टीलच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक. पत्रा मोडत नाही, तो मुकाट्याने वाकतो आणि वाकलेलाच राहतो. काढल्यावर टोक आणि बॅटरीच्या अंगात थोडी फट दिसते. थंडी सरते, अंगावर पुन्हा पातळ सदरा येतो. १ मिलिमीटरच्या कडेपैकी अर्धा मिलिमीटर फटीतच गेला, तर पकड निम्म्यावर येते. फट १ मिलिमीटरची झाली तर पकड उरतच नाही. क्लिप खिशाला नुसती टेकलेली असते.

वाकल्यावरच का पडते?

उभे असताना क्लिपला फारसे काम नसते. तिचा वरचा वाक खिशाच्या कडेवर टेकतो, बॅटरीचे वजन तिथे पेलले जाते; सैल क्लिपही चालून जाते. माणूस वाकला की खिसा उलटा होतो आणि वजन बॅटरीला बाहेर ओढू लागते. आता तिला धरून ठेवते ते फक्त घर्षण. १२० ग्रॅमची बॅटरी सुमारे १.२ न्यूटनने ओढते. क्लिप २.३ न्यूटनने दाबत असेल आणि कापडाचा घर्षणांक ०.३ धरला, तर दोन्ही बाजू मिळून सुमारे १.४ न्यूटन रोध मिळतो. जेमतेम पास. फटीमुळे दाब निम्मा झाला की रोध ०.७ न्यूटन, आणि बॅटरी विहिरीत. नवी असताना कधी पडली नाही आणि आता रोज पडते, या तक्रारीचे उत्तर इतके सरळ आहे.

सुधारणा कुठे करता येते?

पहिली सुधारणा धातूत. तेच स्टेनलेस, पण थंड स्थितीत लाटून कडक केलेले ३०१ जातीचे घेतले, तर ते ९०० मेगापास्कलच्या पुढचा ताणही सोसते. आकार तोच, जाडी तीच. स्वेटरला लावून काढले तरी क्लिप जागच्या जागी. महागड्या टॉर्चना टायटॅनियमची क्लिप असते. टायटॅनियम पोलादापेक्षा बरेच लवचीक, त्यामुळे तेवढ्याच आकारात पकड कमी मिळते आणि पट्टी जाड करावी लागते. गंजत नाही हा तिचा गुण खरा, पण शेतकऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजावेत असे काही त्यात नाही.

दुसरी सुधारणा टोकात. क्लिपच्या शेवटी आत वळलेला छोटा उंचवटा हवा, म्हणजे सगळा दाब एका रेषेवर येतो आणि कापड तिथे चावले जाते. त्यापुढे टोक बाहेरच्या बाजूला थोडे उचललेले हवे, म्हणजे अंधारात न बघता, एका हाताने कापड आत सरकते. स्वस्त क्लिपमध्ये बहुधा यातले एकच असते : चावते पण आत जात नाही, किंवा सहज जाते आणि तितक्याच सहज निघते.

तिसरी, बुडाच्या जोडणीत. अनेक क्लिप बॅटरीच्या खाचेत नुसत्या दाबून बसवलेल्या कड्यावर असतात. त्या गोल फिरतात, हिसका बसला की कड्यासकट सुटतात. दोन स्क्रूंनी बसवलेली क्लिप फिरत नाही. पण स्क्रू सैल झाला तर तो शेतात सापडणार नाही, हेही खरे.

उजेड पडतो कुठे?

पकडीचा प्रश्न सुटला तरी एक मोठा प्रश्न उरतो. सरळ नळीची बॅटरी खिशाला लावली की उजेड एकतर आभाळात जातो किंवा खिशात. यावर उत्पादकांनी काढलेला तोडगा म्हणजे दोन्ही दिशांनी तोंड असलेली क्लिप. ती टोपीच्या पुढच्या झापेला लावली की बॅटरी कपाळावरच्या दिव्यासारखी पुढे उजेड टाकते. कल्पना चांगली, पण डोळ्यांसमोर बेसबॉलची टोपी ठेवून केलेली. पारनेर तालुक्यात डोक्यावर गांधी टोपी असते आणि तिला झाप नसते. तिच्या घडीत क्लिप अडकवली तर बॅटरी उभी राहते, म्हणजे पुन्हा उजेड आभाळात.

इथे जुने उत्तर जास्त कामाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांकडे ‘टीएल-१२२’ नावाची बॅटरी होती : अंग उभे, पण दिव्याचे तोंड काटकोनात पुढे वळलेले आणि पाठीमागे क्लिप. छातीला किंवा पट्ट्याला अडकवली की उजेड समोर आणि हात मोकळे. आजच्या एलईडी आणि छोट्या सेलमुळे तीच रचना बोटाएवढ्या बॅटरीत मावते. काटकोनी तोंडाच्या छोट्या बॅटऱ्या बाजारात मिळतातही.

त्यातही एक अडचण आहे. सदऱ्याचे कापड पातळ असले की बॅटरीच्या वजनाने खिसा पुढे झुकतो आणि उजेड समोरच्या बांधाऐवजी स्वतःच्या पायावर पडतो. साप टाळायला पायापुढची जमीन दिसली तर उत्तमच. स्टार्टरची पेटी मात्र दिसत नाही. इलाज म्हणजे बॅटरी हलकी आणि क्लिप लांब ठेवणे, म्हणजे कापडावर टेकण्याची जागा वाढते. पण लांबी वाढली की पकड झपाट्याने घटते, हे वर आलेच आहे. ती भरून काढायला जाडी वाढवावी लागते. चांगले आरेखन म्हणजे ही ओढाताण नेमकी कुठे थांबवायची, याचा निर्णय.

मग डोक्याला बांधायचा दिवाच का नको? सलग तासभर दारे धरायची असतील तर तोच बरा. पण त्याच्या उजेडावर येणारे किडे थेट तोंडावर येतात, आणि समोरच्याशी बोलायला मान वळवली की त्याचे डोळे दिपतात. दोन मिनिटांच्या कामासाठी तो शोधून डोक्याला बांधायचा कंटाळा येतो, तेव्हा खिशातलीच बॅटरी निघते.

घेताना काय पाहावे?

दुकानात क्लिपचे टोक बॅटरीच्या अंगाला टेकते का ते आधी पाहावे. कागदाचा कपटा मध्ये घालून ओढावा. सहज निघाला तर ती क्लिप पातळ सदऱ्यावर टिकणार नाही. मग रुमालाच्या सात-आठ घड्या करून त्यावर क्लिप लावावी, काढावी आणि कागद पुन्हा घालून ओढावा. आधी अडकणारा कागद आता निघत असेल तर पत्रा नरम आहे.

घरातल्या सैल झालेल्या क्लिपला दोन उपाय आहेत. पक्कडीने आत दाबून फट घालवता येते, पण तोच पत्रा पुन्हा पुन्हा वाकवला तर बुडाशी तडा जातो. त्यापेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा टोकावर चढवावा. रबराचा घर्षणांक कापडावर धातूपेक्षा बराच जास्त असतो आणि त्याच्या जाडीने फटही भरते. थ्री-फेजच्या उघड्या पेटीसमोर वाकताना खिशातून सुटलेली धातूची बॅटरी आत ४१५ व्होल्टवर पडू नये, यासाठी मागच्या भोकातून दोरी ओवून ती बटणाच्या काजाला बांधलेली बरी. अनेक टॉर्चना हे भोक असते. त्यात दोरी ओवलेली क्वचितच दिसते.