जळक्या रबराचा वास कुठून येतो?

गाडीतून जळक्या रबराचा वास येतोय, एवढं सांगितलं म्हणून चांगला मिस्त्री लगेच बॉनेट उघडत नाही. आधी विचारपूस करतो. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट ओलांडला की पुढे रस्त्याकडेला लहानमोठी गॅरेजेस आहेत. त्यातल्या एका गॅरेजमध्ये हे काम मी जवळून पाहिलं. गाडी एका निवृत्त शिक्षकांची होती.

"सर, वास चढावर आला की सपाटीवर?"

"चढावर. ट्रकच्या मागे अडकलो होतो."

"एसी चालू होता?"

"होता. बंद केल्यावर वास जरा कमी झाला."

"सकाळी गाडी चालू करताना चिरचिर आवाज येतो का?"

"महिनाभर येतोय. पण लगेच थांबतो."

या तीन प्रश्नांत निम्मं निदान झालं होतं. घाटात ट्रकच्या मागे अर्ध्या क्लचवर गाडी रेटली की क्लच प्लेट तापते आणि वास सुटतो, पण त्याचा एसीशी संबंध नसतो. ब्रेक चिकटला असेल, तर वास एकाच चाकाजवळ जास्त असतो आणि गाडी ओढल्यासारखी चालते. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून गळणारं ऑइल गरम एक्झॉस्टवर पडलं, तर धूर निघतो आणि घसा खवखवतो. वायर जळत असेल, तर वास प्लॅस्टिकचा, झोंबणारा असतो. तेव्हा इंजिन बंद करून बॅटरीची तार सोडवणं हे पहिलं काम.

तरीही मिस्त्रींनी अंदाजावर काम सोडलं नाही. चारही चाकांजवळ, रिमला न टेकवता, हात धरून पाहिला. सगळीकडे सारखीच ऊब होती. मग गाडी रॅम्पवर घेऊन खालून टॉर्च फिरवला. रस्त्यावरची प्लॅस्टिकची पिशवी सायलेन्सरला चिकटून जळली, तरी असाच वास येतो. एक्सलचा रबरी बूट फाटला, तर आतलं ग्रीस उडून एक्झॉस्टवर पडतं. टायर आतल्या अस्तराला घासत असेल, तर तिथे चकचकीत पट्टा उमटतो. यांपैकी काहीच नव्हतं. मग बॉनेट उघडलं.

बेल्टच्या आजूबाजूला, पुल्यांच्या कडांवर बारीक काळी पूड बसली होती. मिस्त्रींनी ती बोटावर घेऊन दाखवली: घासून निघालेलं रबर. इंजिनच्या मुख्य पुलीवरून फिरणारा हा बेल्ट अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो. काही गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच्यावरच असतो. त्याच्या आतल्या बाजूला लांबीभर उभ्या रेघा असतात. त्या पुलीच्या खाचांत बसतात आणि बेल्ट पकड घेतो. ही पकड टिकते ती ताणामुळे, आणि ताण ठेवायचं काम स्प्रिंगवरच्या टेन्शनरचं. टेन्शनर ढिला पडला की एसीचा भार येताच बेल्ट पुलीवर सरकतो. तो सरकला की घर्षण, घर्षणातून उष्णता आणि उष्णतेतून वास. बाहेरची हवा आत घेणारी जाळी बॉनेटच्या मागे, काचेच्या बुडाशी असते. म्हणून इंजिनकडचा वास थेट आत येतो.

इंजिन चालू करून, हात लांब ठेवून मिस्त्री टेन्शनरकडे बघत राहिले. एसी लावला की त्याचा दांडा झटके खात होता. इंजिन बंद करून त्यांनी बेल्ट उतरवला, पण त्याआधी तो कुठून कसा फिरतो याचा मोबाइलवर फोटो काढला. मग एकेक पुली हाताने फिरवली. अल्टरनेटर मऊ फिरला, कॉम्प्रेसरही मोकळा होता. टेन्शनरची पुली मात्र खरखरत होती आणि हलवली तर डगमगत होती. गाडी जागेवर उभी असताना चालू इंजिन मिनिटाला सातशे-आठशे फेरे घेतं. ही छोटी पुली त्याच्या दुपटीहूनही जास्त फिरू शकते. बेअरिंगमधलं ग्रीस सुकलं की ती फार दिवस तग धरत नाही.

उतरवलेला बेल्ट उलटा करून दाखवला, तेव्हा रेघा काचेसारख्या चकाकत होत्या. भेग एकही नव्हती. जुन्या रबराच्या बेल्टला भेगा पडायच्या, म्हणून अजूनही अनेक जण भेगाच शोधतात. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट बहुधा न चिरता झिजतात. त्यामुळे भेग नाही म्हणजे बेल्ट चांगला, असं समजू नये.

सरांनी विचारलं, "दादा, नुसता बेल्ट बदलला तर?"

"आज वास जाईल, सर. पण महिन्या-दोन महिन्यांत नवा बेल्टही जळेल."

अख्खा टेन्शनर आणि बेल्ट, दोन्ही बदलले. पुल्यांच्या खाचांत चिकटलेलं रबर कोरड्या ब्रशने काढलं. ऑइल किंवा स्प्रे काहीही मारलं नाही. नवा बेल्ट चढवल्यावर प्रत्येक रेघ आपल्या खाचेत बसली का, हे टॉर्च धरून पाहिलं. मग एसी, हेडलाइट आणि पंखा एकदम लावून इंजिन चालू ठेवलं. दांडा स्थिर होता. शेवटी चढाच्या रस्त्यावर फेरी मारून आल्यावरच गाडी सरांच्या ताब्यात दिली.

तुमच्या गाडीत असा वास आला, तर आधी एसी बंद करा आणि सुरक्षित जागी डाव्या बाजूला थांबा. बॅटरीचा लाल दिवा लागला किंवा तापमानाचा काटा चढला, तर गाडी पुढे नेऊ नका. धूर दिसला, तर सगळ्यांना उतरवून लांब उभं करा. चालत्या बेल्टजवळ हात, ओढणी, बाही काहीही नेऊ नका. आणि गॅरेजमध्ये गेल्यावर काय जळलं एवढंच विचारू नका, का जळलं तेही विचारा. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण झाली असं समजू नका.