औंढ्याच्या मंदिराचा वरचा भाग वेगळा का दिसतो?

औंढा नागनाथला गेलात तर मंदिर जरा लांबून बघा. खाली यादवकाळातला कोरीव काळा दगड, वर मात्र पांढरं शिखर. आक्रमणात मोडलेल्या या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, म्हणून हा फरक.

१७६७ ते १७९५ हा त्यांच्या कारभाराचा काळ. तेव्हा हा मुलूख निजामाचा आणि अहिल्याबाईंची राजधानी दूर महेश्वरला. तरीही त्यांनी इथं खर्च केला. अशा दानधर्मासाठी त्या राज्याच्या तिजोरीला हात न लावता खासगीतला पैसा वापरत.

मंदिर उभं राहिलं की यात्रेकरू येतात. त्यांच्यामागे दुकानं, मुक्कामाच्या जागा, बाजार येतो. १९९९पर्यंत परभणी जिल्ह्यात असलेलं आणि आता हिंगोलीत असलेलं औंढा आजही याच वर्दळीवर जगतं.