सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी. पण घर कसे?

सकाळी दाखल व्हायचे, दुपारी ऑपरेशन आणि संध्याकाळी घरी, ही पद्धत मुंबईच्या उपनगरांत आता रुळली आहे. मोतीबिंदू, हर्निया, हायड्रोसिल, अंगावरची गाठ अशी अनेक ऑपरेशने एका दिवसात होतात. हातावर पोट असलेल्या माणसाचे खाडे वाचतात, रुग्णालयाची खाट मोकळी होते. पद्धत चांगलीच आहे. आमचा प्रश्न तिच्या संध्याकाळचा आहे.

ग्लासगोच्या डॉ. जेम्स निकोल यांनी १९०९ साली लहान मुलांच्या अशा सुमारे नऊ हजार शस्त्रक्रियांचा अहवाल मांडला. मुले आईजवळ घरी पाठवली जात आणि परिचारिका घरी जाऊन त्यांना पाहत. घरची परिस्थिती योग्य हवी, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे परिचारिका घरी येत नाही. तिचे काम दहा बाय दहाच्या खोलीतली बाई करते.

म्हणून रुग्णाने तयारीनेच गेले पाहिजे. भूल द्यायची असेल तर साधारणपणे सहा तास आधी खाणे आणि दोन तास आधी पाणी बंद करतात. आपल्याला सांगितलेली वेळच पाळावी. चहा-बिस्कीट झाले असेल तर लपवू नये, कारण भुलेत उलटी फुप्फुसात जाऊन जीव धोक्यात येतो. साखरेची, रक्तदाबाची, रक्त पातळ करण्याची गोळी घ्यायची की नाही, हे आदल्या दिवशीच विचारावे. दागिने आणि कवळी घरी ठेवावी. केसपेपर, तपासण्यांचे कागद, आधार व रेशनकार्ड बरोबर घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

आत गेल्यावर नाव, ऑपरेशन आणि डावी-उजवी बाजू पुन्हा पुन्हा विचारतात. कंटाळू नये. ही तपासणी आपल्याच रक्षणासाठी आहे.

मग संमतीपत्र पुढे येते. ‘इथे अंगठा लावा’ एवढे ऐकून अंगठा लावायचा नाही. काय करणार, धोका कोणता, दुसरा उपाय आहे का, हे समजेल अशा भाषेत सांगितल्याशिवाय दिलेली संमती खरी संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे. विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, तो आपला हक्क आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना प्रश्न विचारू दिला नाही, त्यांनी तर तो विचारलाच पाहिजे.

आता संध्याकाळ. शुद्ध आली म्हणजे सुट्टी झाली असे नाही. रक्तदाब, दुखणे, उलटी, चालणे पाहूनच सोडतात. काही ऑपरेशनांनंतर लघवी झाल्याची खात्रीही करतात. पूर्ण भूल किंवा गुंगीचे औषध दिले असेल तर चोवीस तास गाडी चालवू नये, महत्त्वाच्या कागदावर सही करू नये, एकटे राहू नये. गर्दीच्या लोकलला लटकून घाटकोपरहून मुलुंडला जाणे म्हणजे टाक्यांशी खेळ. रिक्षाचे पैसे बाजूला ठेवावेत. डिस्चार्ज कार्ड समजावून घ्यावे. रक्त थांबत नसेल, ताप चढला, लघवी अडली, उलट्या सुरूच राहिल्या किंवा डोळ्यात कळ येऊन नजर मंदावली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा.

आणि सर्वात महत्त्वाचे. असल्फ्याच्या टेकडीवर शंभर पायऱ्या चढाव्या लागत असतील, संडास सार्वजनिक असेल, घरी सोबतीला कोणी नसेल, तर तारीख घेतानाच डॉक्टरांना तसे सांगा. रात्रभर ठेवून घेता येईल का, हे विचारा. गरिबी सांगायला लाजू नका. घरची परिस्थिती हा उपचाराचाच भाग आहे. कांदिवलीच्या पालिका रुग्णालयाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. पालिकेच्या प्रत्येक रुग्णालयाने सुट्टीच्या कागदावर सही होण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा, एवढीच आमची मागणी आहे : ‘घरी कोण आहे?’